न दिसणारा बाप आणि चार मुली: 'अवर लिटल सिस्टर'मधलं एक प्रकरण

जपानी दिग्दर्शक हिरोकाझु कोरे-एदा यांच्या 'अवर लिटल सिस्टर' या २०१५ सालच्या सिनेमात सगळं ज्याच्याभोवती फिरतं तो माणूस गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेला आहे. तो फ्लॅशबॅकमध्ये येत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, मुलींच्या नावे लिहून ठेवलेलं पत्र सापडत नाही. पंधरा वर्षांपूर्वी बायको आणि तीन मुलींना सोडून तो दुसऱ्या बाईबरोबर गेला. तिच्यापासून त्याला एक मुलगी झाली, सुझू. ती बाई वारली, त्यानं तिसरं लग्न केलं, आणि आता यामागाता प्रांतातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावात त्याचा अंत झाला.

पटकथेच्या वर्गात हे सूत्र मांडलं तर पहिला प्रश्न येईल की पडद्यावर नसलेलं पात्र उभं कसं करायचं. तो प्रश्न आहेच, पण त्याहून अवघड गाठ वेगळी आहे. बापाच्या आठवणी ज्या एका मुलीकडे भरपूर आहेत तिला त्या बोलून दाखवायची सोय नाही, आणि ज्यांना त्या हव्या आहेत त्यांना विचारायची सोय नाही. ही कोंडी दिग्दर्शकानं कशी घातली आणि कुठल्या क्रमानं सोडवली, एवढ्यापुरताच हा अभ्यास आहे. शेवटासकट सगळं पुढे येणार आहे, तेव्हा सिनेमा पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून घ्यावा. दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

घर आणि माणसं

मूळ गोष्ट अकिमी योशिदा यांच्या 'उमिमाची डायरी' या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. शोगाकुकान प्रकाशनाच्या 'फ्लॉवर्स' मासिकात ती वर्षानुवर्षं चालली आणि २०१८ मध्ये संपली. एकूण ९ खंड झाले. सिनेमा आला तेव्हा मांगा चालूच होती. त्यामुळे कोरे-एदांनी त्यातलं काही घेतलं, पुष्कळसं सोडलं आणि एका वर्षाच्या ऋतुचक्रात गोष्ट बसवली.

जागा आहे कामाकुरा, टोकियोच्या दक्षिणेला सागामी उपसागराच्या काठी वसलेलं जुनं शहर. एनोदेन नावाची १० किलोमीटरची, १५ स्टेशनांची छोटी रेल्वे घरांच्या परसांना खेटून जाते. तिच्यावरच्या गोकुराकुजी स्टेशनाजवळ एक जुनं लाकडी घर आहे. मागे बाग, बागेत उमे या आंबट फळाचं झाड. घर आईच्या आईचं, आणि हा तपशील पुढे कामाला येतो. मुलींचं आडनाव कोदा, म्हणजे आईच्या माहेरचं. बापाचं नाव घरातून पुसलं गेलं आहे ते असं.

थोरली साची नर्स आहे. मधली योशिनो बँकेत, धाकटी चिका खेळाच्या सामानाच्या दुकानात. बाप गेल्यावर वर्षभरातच आईनंही दुसरं लग्न केलं आणि ती निघून गेली. आता ती साप्पोरोला असते. मुलींना आजीनं वाढवलं आणि आजीनंतर साचीनं. तिघींचा बाप एकच, पण त्याची शिल्लक प्रत्येकीकडे वेगळी आहे. साचीला सगळं आठवतं आणि रागासकट आठवतं. योशिनोला बरं तेवढं आठवतं. चिकाला जवळजवळ काहीच नाही. मरणाची बातमी आल्यावर घरात रडारड होत नाही ती यामुळे. कुणी जायचं, रजा कुणाला मिळेल, अशा व्यवहारी चर्चेत ती बातमी जिरून जाते. साची रात्रपाळीचं कारण सांगून दोघी धाकट्यांना पुढे पाठवते आणि मग स्वतःही जाऊन पोचते.

यामागाता: अर्ध्या दिवसात काय काय ठरतं

पहिली पंधरा-वीस मिनिटं या प्रकरणाचा पाया आहेत. चर्चा करणाऱ्यांनी ती दुसऱ्यांदा पाहावीत, कारण पहिल्या वेळी त्यातलं बरंच हातून निसटतं.

विधवा झालेली योको, म्हणजे तिसरी बायको, कोलमडलेली आहे. आलेल्या माणसांचे आभार मानायचे, चार शब्द बोलायचे, हे जपानी अंत्यविधीत मुख्य शोककर्त्याचं काम असतं. योको ते सुझूवर ढकलू पाहते, पोरगी कशी खंबीर आहे असं म्हणत. सुझू माध्यमिक शाळेतली, आता आईही नाही आणि बापही नाही, योकोशी रक्ताचं नातं नाही. तीही मुकाट तयार होते. तिथं साची मध्ये पडते: हे मोठ्या माणसांचं काम आहे. एवढंच म्हणते, आवाज चढवत नाही. त्या माणसाशी पंधरा वर्षं संबंध नसलेली मुलगी त्याच्याच अंत्यविधीत अधिकारानं बोलते, आणि बोलते ते बापासाठी नव्हे तर ज्या मुलीचा तिला राग यायला हवा होता तिच्यासाठी.

मग सुझू बापाच्या खणातला फोटोंचा लिफाफा आणून बहिणींना देते. तिघींचे लहानपणचे फोटो त्यानं सांभाळून ठेवले होते. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात बापाला माफी मिळवून द्यायला एवढं पुरलं असतं. इथं पुरत नाही, आणि पुरू नये हे बरोबरच आहे. फोटो ठेवायला काही लागत नाही.

साची सुझूला विचारते, या गावात तुझी सगळ्यात आवडती जागा कुठली? सुझू त्यांना उंचावर घेऊन जाते. बाप आणि ती तिथं नेहमी यायची. खाली पसरलेलं गाव पाहून बहिणींच्या लक्षात येतं की हे कामाकुरासारखं दिसतंय. इथेच साची सुझूला म्हणते की बाबांचं सगळं तूच केलंस ना, तुझे आभार. आयुष्य आजाऱ्यांमध्ये गेलेल्या नर्सला पाच मिनिटांत कळतं की दवाखान्यातल्या खाटेशी कोण बसलं होतं आणि कोण बसलं नव्हतं. सुझू पहिल्यांदा रडते ती हे ऐकून. बाप गेल्याचं रडू तिला तोवर येत नव्हतं, कारण कुणी ते तिचं दुःख म्हणून धरलंच नव्हतं.

निरोपाच्या वेळी आगगाडीच्या दारात उभी राहून साची विचारते, कामाकुराला येतेस का, आमच्याबरोबर राहायला? विचार करून सांग म्हणते. दार लागता लागता सुझू सांगते, येते. प्रेक्षकाला हे घाईचं वाटतं. पण इकडे तिच्यामागे काय उरलं आहे ते नीट मोजलं तर दुसरं उत्तर संभवत नाही.

कायदा काय म्हणतो

सिनेमा कायद्याचं नावही घेत नाही. तरी ही पार्श्वभूमी माहीत असली की दोन-तीन गोष्टी सुट्या होतात.

बापाचा संपर्क इतका पूर्ण कसा तुटला? जपानच्या नागरी संहितेच्या ८१९व्या कलमानुसार तेव्हा घटस्फोटानंतर मुलांचा पालकाधिकार दोघांपैकी एकाकडेच जात असे. दुसऱ्यानं भेटायचं की नाही, किती भेटायचं, हे सामंजस्यावर आणि फार तर कुटुंब न्यायालयावर. प्रत्यक्षात ज्याच्याकडे मूल नाही तो पालक आयुष्यातून उठून जाणं ही तिथली सर्रास गोष्ट होती. मे २०२४ मध्ये कायदा बदलला. संयुक्त पालकत्वाची सोय एप्रिल २०२६ पासून लागू झाली. कोदा बहिणींच्या बापाचं न येणं हा त्याचा दोष आहेच, पण त्या दोषाला चाकोरीही तयार होती.

सुझूवर योकोचा हक्क किती? दत्तकविधान झालेलं नसेल तर सावत्र आईला आपोआप पालकाधिकार मिळत नाही. पालकाधिकार असलेलं कुणीच उरलं नाही की अल्पवयीन मुलाला पालक नेमायचा असतो. उलट ८७७वं कलम सांगतं की सरळ रक्तातले नातेवाईक आणि भावंडं यांच्यावर परस्परांना सांभाळायची जबाबदारी आहे; त्यात सावत्र भावंडंही आली. म्हणजे साचीचं गाडीच्या दारातलं वाक्य भावनेच्या भरातलं दिसत असलं तरी कायद्याच्या नजरेतही त्या तिघीच सुझूच्या सगळ्यात जवळच्या आहेत.

आणि घर. ते आजीचं, म्हणून वारसा आईकडे. पुढे आई घर विकायची गोष्ट काढते तेव्हा साची तिच्यावर तुटून पडते, आणि प्रेक्षक साचीच्या बाजूनं असतो. पण हक्काच्या हिशेबात आई फारशी चुकीची नाही.

सुझू का बोलत नाही

सुझू कामाकुराला येते, शाळेत जाते, फुटबॉलच्या संघात घेतली जाते. घरातल्या खांबावर बहिणींच्या उंचीच्या खुणा आहेत, त्यात तिचीही खूण होते. सगळं सुरळीत. अडचण नेमकी या सुरळीतपणात आहे. घरातला सगळ्यात शहाणा माणूस ही सगळ्यात लहान मुलगी आहे, आणि जिथं मूल इतकं शहाणं असतं तिथं त्यानं काहीतरी दाबून धरलेलं असतं.

इशारा सुरुवातीलाच मिळालेला असतो. आजीची बहीण, किरिन किकी यांनी केलेली, साचीला बजावते की हे कुत्रं-मांजर पाळणं नव्हे, आणि ही तुमचा संसार मोडणाऱ्या बाईची मुलगी आहे. म्हातारी कजाग नाही, खरं तेच बोलते. सुझूही स्वतःबद्दल हेच समजून आहे. पुढे ती फुता या वर्गमित्राला सांगते की मी नुसती इथं असण्यानंच कुणाला तरी त्रास होतो. घरात ती हे बोलूच शकत नसते.

ही दाबलेली गोष्ट दाखवायला कोरे-एदा वापरतात शिरासू. म्हणजे सार्डीन जातीच्या माशांची बोटाच्या पेराएवढी पिल्लं, कामाकुराच्या किनाऱ्याची ओळख. मिठाच्या पाण्यात उकळलेली असली की पांढरी मऊ होतात, ती भातावर किंवा पावावर घालून खातात. कच्ची असली तर ज्या दिवशी पकडली त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी ती कामाची राहत नाहीत. कामाकुरा ज्यात येतं त्या कानागावा प्रांतात १ जानेवारी ते १० मार्च ही मासेमारी बंद असते. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला हंगामात शिरासू खिलवणं हा इथला पाहुणचार. बहिणी सुझूला तो करतात, आणि सुझू पहिल्यांदाच चाखतेय अशा कौतुकानं खाते.

ते खोटं असतं. सेन्दाई शहरात राहत असताना बाप हेच पदार्थ तिला करून घालायचा. हे ती घराबाहेर कबूल करते. गावातल्या यामानेको नावाच्या छोट्या कॅफेत शिरासू घातलेला टोस्ट मिळतो, तो खाताना तिला ओळख पटते की ही बाबांच्या हातची चव आहे. कॅफेचा मालक फुकुदा फार काही बोलत नाही. अगदी शेवटाकडे तो सुझूला हळूच म्हणतो, बाबांबद्दल ऐकावंसं वाटलं तर गुपचूप येत जा. म्हणजे सोडून गेलेला तो माणूस एके काळी या खुर्च्यांवर बसत असे, टोस्ट खात असे, आणि पळून जाताना ती चव बरोबर घेऊन गेला.

सुझूनं लपवलेल्या आठवणी आपल्या आहेत असं तिला वाटतं; बहिणींकडून चोरून आणलेल्या, म्हणून सांगायची लाज. पण त्या आठवणींच्या आत कामाकुराच भरलेलं आहे. टोस्ट कामाकुराचा. उंचावरची ती जागा त्यानं निवडली ती कामाकुरासारखी दिसते म्हणून. बापाला मुलींची आठवण होती याचा पुरावा फोटोंपेक्षा इथं पक्का आहे, कारण हे त्यानं दाखवायला केलेलं नव्हतं. पटकथेचं कौशल्य असं की हा पुरावा ज्यांना हवा आहे त्यांच्यासमोर तो शेवटपर्यंत एकत्र मांडला जात नाही. तुकड्या-तुकड्यानं, ज्याच्या त्याच्या वाट्याला येतो.

चिकाच्या वाट्याचा तुकडा सगळ्यात हलका आहे आणि म्हणून सगळ्यात आधी सुटतो. ती सुझूला चिकुवा घालून कढी-भात, म्हणजे जपानी करी, करून घालते. चिकुवा म्हणजे माशाच्या लगद्याच्या भाजलेल्या नळ्या, मटणाऐवजी. ही आजीची पद्धत. त्या जेवणात ती सहज विचारते, बाबा कसे होते गं, मला तर फारसं आठवतच नाही. सुझू सांगते की त्यांना मासे पकडायची आवड होती. चिकालाही आहे! कुणी शिकवलेली नसताना. साचीसमोर हे बोलणं झालंच नसतं. चिकाकडे राग नाही, म्हणून तिच्यासमोर बोलायला धोका नाही. कोंडी फोडायला सर्वांत कमी इजा झालेल्या माणसापासून सुरुवात करायची, हा क्रम कोरे-एदांनी जाणूनबुजून लावलेला दिसतो.

उमेची बरणी

सिनेमातलं कालमापन बागेतल्या उमेच्या झाडावर होतं. उमेला इंग्रजीत प्लम म्हणत असले तरी फळ जर्दाळूच्या जवळचं आहे. कैरीसारखं ते हिरवं, आंबट असतानाच जूनमध्ये उतरवतात. त्याचं उमेशू, म्हणजे फळ मुरवलेलं मद्य, घरोघरी घालतात. कोदा घरातही दरवर्षी घालतात आणि बरण्या फरशीखालच्या जागेत ओळीनं ठेवलेल्या असतात.

नेहमीचं प्रमाण असं: १ किलो हिरवी उमे, ५०० ग्रॅम ते १ किलो खडीसाखर, १.८ लिटर पांढरं ३५ टक्क्यांचं मद्य. फळं धुऊन एकेक कोरडी पुसायची. देठाच्या जागची काळी टिकली बांबूच्या काडीनं काढायची, काडीनंच भोकं पाडायची म्हणजे रस लवकर सुटतो. बरणीत फळं आणि साखर थरांनी रचून वरून मद्य ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि अंधाऱ्या गार जागी ठेवायचं. तीन महिन्यांनी चाखता येतं, वर्षानं खरी चव येते, पुढेही ते मुरतच राहतं. बिघडतं ते बहुतेक ओलाव्यानं: फळ किंवा बरणी ओली राहिली की बुरशी. डाग पडलेलं किंवा ठेचलेलं फळ आत गेलं की पेय गढूळ होतं. कमी तीव्रतेचं मद्य वापरलं तर फळ आंबायला लागतं, आणि तेव्हा प्रश्न चवीपुरता राहत नाही. जपानच्या मद्यकर कायद्यानुसार घरी असं पेय घालायचं तर किमान २० टक्क्यांचंच मद्य घ्यावं लागतं, नाहीतर ती विनापरवाना दारू पाडणं ठरतं.

एवढा तपशील इथं दिला याचं कारण, सिनेमातली दोन मोठी वळणं या बरण्यांशी बांधलेली आहेत. पहिलं: सुझू उमेशू पिऊन झिंगते आणि आडवी पडून ओरडते. योकोचा तिटकारा येतो म्हणते, बापाला मूर्ख म्हणते. बहिणी आधी हसतात, मग एकमेकींकडे पाहतात. सुझूलाही बापाचा राग आहे हे त्यांना पहिल्यांदा कळतं. तोवर त्यांचा समज असा की बाप हिला मिळाला आणि आम्हाला नाही. हिलाही तो पुरता मिळाला नव्हता. चौघींना जोडणारं पहिलं सूत्र प्रेमाचं नाही, एकाच माणसाबद्दलच्या तक्रारीचं आहे, आणि ते फार खरं वाटतं. नात्यातल्या माणसांची गट्टी कुणाच्या तरी उणीदुणी काढण्यावरच आधी जमते, हे आपल्याकडच्या लग्नघरातही दिसतं.

दुसरं वळण आईचं. आजीच्या सातव्या स्मृतिविधीला ती साप्पोरोहून येते. बौद्ध पद्धतीत मृत्यूचं वर्ष पहिलं धरतात, म्हणून सातवा विधी प्रत्यक्षात सहा वर्षं पुरी झाल्यावर होतो. जेवणाच्या वेळी घर विकण्याची गोष्ट निघते, साची आणि आई यांची जुंपते, आणि आईच्या तोंडून जातं की हे सगळं तुमच्या बापानं बाई केली म्हणून झालं. सुझू तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी आई छोट्या भेटवस्तू घेऊन येते. त्यात एक सुझूसाठीही असते. मग मायलेकी आजीच्या थडग्यावर जातात आणि परत निघताना साची धावत घरी जाऊन उमेशू आणते: यंदाचं, आणि आजीनं घातलेल्या शेवटच्या बरणीतलं. समेटाचं बोलणं होत नाही. आजीच्या हातचं जे थोडंच उरलं आहे, त्यातलं ती आईला देते. शिनोबु ओताके यांनी ही आई अशी केली आहे की तिच्यावर पूर्ण रागावता येत नाही आणि पूर्ण दयाही येत नाही. समुद्री मासे घालून केलेली करी एवढा एकच पदार्थ साची आईकडून शिकलेली आहे, हेही कानावर पडून जातं.

साचीची अडचण

सगळ्यात उशिरा सुटणारी गाठ साचीची, कारण तिच्याकडे राग सगळ्यात जास्त आहे आणि तो रास्त आहे. बापाबद्दल तिचं मत ठरलेलं: प्रेमळ पण कुचकामी. कुणाच्याही कर्जाला जामीन राहायचा, कुठल्याही दुःखी बाईला मदत करायला धावायचा.

आणि तिचे स्वतःचे संबंध शिइना नावाच्या विवाहित डॉक्टरशी आहेत. त्याची बायको मानसिक आजारानं ग्रासलेली आहे, त्यामुळे तो तिला सोडू शकत नाही. साची सुझूच्या आईच्या जागी उभी आहे. हे ठाऊक नसलेली सुझू एकदा तिला म्हणते की बायको असलेल्या माणसावर प्रेम करणं बरोबर नाहीच, माझ्या आईचं चुकलं. मुलगी आईच्या वतीनं माफी मागते आहे, आणि ऐकणारीला ते वाक्य आपल्यालाच लागलेलं आहे. साची म्हणते, कुणाचा दोष नाही. पटकथा इथं थोडी जास्तच जुळवलेली वाटते, पण साची झालेल्या हारुका आयासे यांनी ते दृश्य चेहरा फारसा न हलवता निभावलं आहे. पुढे शिइना अमेरिकेला जायचं ठरवतो, बरोबर चल म्हणतो, आणि ती नकार देते. त्याच सुमारास ती मरणासन्न रुग्णांच्या विभागात बदली मान्य करते. बापाच्या खाटेशी सुझू जे करत होती ते आता तिचं रोजचं काम.

मग ती सुझूला कामाकुरातल्या एका टेकडीवर नेते. लहानपणी बापाबरोबर ती इथं येत असे. इथून दिसणारं दृश्य आणि यामागातातलं दृश्य आता शेजारी शेजारी ठेवायला प्रेक्षकाकडेच असतात. साची समुद्राकडे तोंड करून ओरडते, बाबा, मूर्ख! आणि सुझू ओरडते, आई, मूर्ख! मग तिच्या तोंडून निघतं की आणखी थोडे दिवस बरोबर राहायला हवी होतीस. सुझूनं आईचं नाव या घरात पहिल्यांदा दोषाखेरीज घेतलं ते इथं, आणि साचीनं तिला ते घेऊ दिलं. साची सांगते, तू इथंच राहा, कायमची. परवानगीची ही घटना. कोंडी सुटते ती इथं. समुद्रकिनाऱ्यावरचा शेवट त्यानंतरची आवराआवर आहे.

तो शेवटही सांगून टाकू. उमिनेको नावाच्या खानावळीची मालकीण निनोमिया कर्करोगानं जाते. तिला मूल नव्हतं. जाण्याआधी ती सुझूला म्हणालेली असते की तुझ्या आईबापाचा हेवा वाटतो, तुझ्यासारखं धन मागे ठेवून गेले. तिचा अंत्यविधी आटोपून चौघी काळ्या कपड्यांत वाळूवर चालतात, आणि साची म्हणते की बाप कुचकामी होता खरा, पण प्रेमळही असावा, अशी बहीण ठेवून गेला. निनोमियाचंच वाक्य तिनं उचललेलं आहे, म्हणून ते उपदेशासारखं वाजत नाही.

कसं साधलं

सुझूची भूमिका करणाऱ्या सुझू हिरोसे या नवख्या मुलीला पटकथा दिलीच नव्हती. संवाद त्या त्या वेळी तोंडी सांगितले जात. 'नोबडी नोज' या २००४ च्या सिनेमात मुलांबरोबर कोरे-एदांनी हेच केलं होतं. इथं त्याचा वेगळा फायदा होतो: बाकी तिघींना पुढचं माहीत आहे आणि हिला नाही, त्यामुळे घरात नवीन आलेल्या मुलीचं सावध ऐकणं आपोआप तिच्या चेहऱ्यावर येतं. छायालेखक मिकिया ताकिमोतो मुळात स्थिरचित्रकार. पण कॅमेरा इथं फारसा स्थिर नाही, तो अगदी मंद सरकत राहतो आणि चौघींपैकी कुणाला मधोमध ठेवत नाही. योको कान्नो यांचं संगीत मात्र काही ठिकाणी गरजेपेक्षा गोड आहे. ३९व्या जपान अकादमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि छायालेखन या सिनेमाला मिळालं.

काय राहून गेलं

या सिनेमावर मऊपणाचा आरोप होतो. शिरासू, करी, आतषबाजी, चेरीच्या फुलांखालून सायकल. राग फार लवकर निवतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत. वर दाखवलेला क्रम पाहिला तर तो आरोप टिकत नाही असं आमचं मत. राग निवायला पूर्ण वर्ष लागतं आणि तोही सगळ्यांचा निवत नाही. योशिनोच्या वाट्याला तर बापाचा एकही तुकडा येत नाही. मासाहारू फुकुयामा नायक असलेल्या 'लाइक फादर, लाइक सन'मध्ये याच दिग्दर्शकानं बापाला पडद्यावर पूर्ण उघडं केलं होतं, २०१३ मध्ये. त्या सिनेमानंतर लगेच बापाला अजिबात न दाखवण्याचा हा निर्णय मऊ माणसाचा नाही.

खरी उणीव योकोची आहे. नवऱ्याला मरताना पाहवत नव्हतं, हे तिचं म्हणणं सिनेमा तिच्या बाजूनं एकदाही ऐकून घेत नाही. साचीच्या अनुभवी नजरेनं ती पहिल्याच भेटीत निकालात निघते. तिला आधीच्या संसारातला एक लहान मुलगा आहे. तोही त्या माणसाला काही काळ बाप म्हणत असणार, आणि सुझू गाडीत बसते त्या दिवशी त्याच्या घरातून बापापाठोपाठ सावत्र बहीणही जाते. त्याचं पुढे काय झालं हे सिनेमा विचारत नाही. चर्चेत वेळ उरला तर या मुलावर घालवावा. साचीच्या डॉक्टरवर लोक आपण होऊन बोलतातच.